अटॅकनंतरचे महिने आणि काउंटरवरची पेनकिलर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जागतिक हृदय दिनानिमित्त आपल्या अंकात हार्ट अटॅकची लक्षणं आणि पहिल्या तासाचं महत्त्व यावर मजकूर आला होता. तो हवाच होता. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला पावसाळ्याच्या रात्री छातीत कळ आली, तर गाडी मिळण्यापासून घाटातल्या पडलेल्या झाडापर्यंत सगळंच आडवं येतं, हे आम्ही खानापूरकर जाणतो. राज्य सरकारच्या पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेतून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेसचं महागडं इंजेक्शन मोफत देण्याची सोय होते आहे, याचंही मनापासून स्वागत आहे. पण माणूस वाचला, स्टेंट बसला, घरी आला, त्यानंतर काय, हे त्या मजकुरात नव्हतं. ते कुठल्याच मजकुरात नसतं. आणि माझ्या काउंटरवर मला रोज दिसतं ते नेमकं तेच. म्हणून हे पत्र.

मी खानापुरात औषधांचं दुकान चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेलं हे दुकान बी.फार्म. झाल्यावर मी हाती घेतलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. गिऱ्हाईक बहुतेक भातशेती करणारं, थोडे नोकरदार, थोडे गवंडी-सुतार.

गेल्या पावसाळ्यात गुंजी बाजूचे एक शेतकरी आले. वय पन्नाशीच्या पुढचं. भातलावणी नुकतीच आटपली होती. म्हणाले, "अक्का, गुडघे लई दुखूलाल्यात, ती नेहमीची गोळी द्या की दहा." नेहमीची म्हणजे डायक्लोफेनॅक. पैसे काढायला ते जरा वाकले तशी माझी नजर पायांकडे गेली. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता आणि पट्टा सरकला होता तिथं खोल वळ उमटला होता. बाहेर येऊन नडगीवर अंगठ्यानं दाबून पाहिलं, तर खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. विचारलं, "मामा, पाय कधीपासून सुजल्यात?" "चिखलात उभारून उभारून सुजल्यात, दुसरं काय!" आडवं पडल्यावर दम लागतो का ते कळावं म्हणून रात्री उशा किती घेता विचारलं, तर दोन, आणि तरीही मध्यरात्री उठून बसावं लागतं. मग बोलता बोलता निघालं की मागल्या वर्षी बेळगावात स्टेंट घातला होता. गोळ्या तीन महिने घेतल्या, नंतर सोडल्या. "बरं वाटूलालतं, म्हणून बंद केली. ब्लॉक काढलाय की आता!"

त्यांना गोळी न देता मी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांना दोष द्यायचा माझा अजिबात हेतू नाही. नळ तुंबला होता, मोकळा केला, काम झालं, एवढंच त्यांना समजलं होतं. इतक्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला पुढचं सांगायला कुणीतरी दहा मिनिटं बसायला हवं होतं, ते कुणी बसलं नाही. म्हणून ती दहा मिनिटं मी आपल्या वाचकांकडे मागते आहे.

हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की साधारण वीस मिनिटांनी स्नायूच्या पेशी कायमच्या मरायला लागतात. आधी हृदयाच्या आतल्या थरातल्या, मग बाहेरच्या दिशेनं. रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयावर हा क्रम दाखवून दिला, आणि अटॅकमध्ये एकेक मिनिट मोलाचं का, याचं उत्तर त्यातच आहे. माणसाच्या हृदयात स्नायूपेशी असतात अंदाजे दोनशे ते तीनशे कोटी. मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या शंभर कोटींपर्यंत पेशी काही तासांत जाऊ शकतात. कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडलं तर जुळतं, पण हृदयाचा स्नायू तसा परत येत नाही. शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ वरून पेशींचं वय काढून स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली हिशेब मांडला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. गेलेल्या जागी उरतो तो व्रण.

आता या पेशी मरतात कशा, ते पाहू. आमच्या फार्मसीच्या अभ्यासात यावर फारसं काही नव्हतं, हे सगळं मी नंतर वाचत गेले. पेशीचं मरण दोन तऱ्हांचं असतं. आमच्याकडे जुनं मातीचं घर उतरवताना आधी कौलं काढून रचून ठेवतात, मग रिपा, वासे, तुळया. शेजारच्या अंगणात धूळसुद्धा उडत नाही. आणि जुलैच्या झडीत भिंत भिजून तेच घर बसलं, तर कौलांचा चुरा, माती, भांडीकुंडी सगळं रस्त्यावर. पहिल्या तऱ्हेच्या मरणात पेशी आतूनच ठरल्या क्रमानं स्वतःला आवरून घेते, तिच्या गाठोड्या होतात आणि भक्षकपेशी त्या गुपचूप गिळून टाकतात. याला अपॉप्टोसिस म्हणतात. हे नाव १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी दिलं. एका बारीक जंताच्या वाढीत जन्मणाऱ्या १,०९० पेशींपैकी नेमक्या १३१ अशाच ठरवून मरतात, आणि त्या मरणामागची जनुकं शोधण्याच्या कामाला २००२ सालचं नोबेल मिळालं. म्हणजे मरण हासुद्धा शरीराच्या कामकाजाचाच एक भाग आहे.

दुसऱ्या तऱ्हेत पेशीचं आवरण फुटतं आणि आतलं सगळं बाहेर सांडतं. अटॅक आलाय का हे पाहायला आपण रक्तात ट्रोपोनिन तपासतो, ते हेच सांडलेलं प्रथिन. फुटून मरणं म्हणजे निव्वळ अपघात, असं बरीच वर्षं मानलं जायचं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कळलं की यातलंही काही मरण पेशी स्वतःच्याच यंत्रणेनं घडवून आणते. नेक्रॉप्टोसिसमध्ये आरआयपीके-३ आणि एमएलकेएल ही प्रथिनं आवरण फोडतात, पायरॉप्टोसिसमध्ये गॅसडर्मिन-डी त्याला भोकं पाडतं. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. लक्षात घ्यायचं ते एवढंच की हे मरण यंत्रणेनं घडतं, म्हणून ते कधीतरी थांबवताही येईल, अशी आशा संशोधकांना आहे. उंदरांमध्ये काही प्रमाणात ते साधलं आहे. माणसांत अजून नाही. रक्तपुरवठा परत सुरू होताना पेशींच्या ऊर्जाघरांना बसणारा धक्का सायक्लोस्पोरिन देऊन टाळता येईल असं वाटलं होतं, पण २०१५ साली मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

पेशी फुटून जे सांडतं, त्याच्या खुणेवरून शरीर तिथं सूज (दाह, इन्फ्लमेशन) आणतं. काही तासांतच न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, पाठोपाठ मोनोसाइट येतात. पहिले काही दिवस साफसफाई करणाऱ्या पेशींचा जोर असतो, पुढे डागडुजी करणाऱ्यांचा. व्रण घट्ट व्हायला दीड-दोन महिने लागतात. पहिल्या आठवड्यात ती जागा इतकी नरम असते की क्वचित हृदयाची भिंत फाटते. "बरं वाटतंय" म्हणून चौथ्या दिवशी घागर उचलणाऱ्यांना मी हे ठासून सांगते.

ही सूज वाईट आहे का? नाही. तिच्याशिवाय जखम भरतच नाही. सत्तरच्या दशकात अटॅकच्या रुग्णांना जोरदार स्टिरॉइड देऊन पाहिलं, तेव्हा इजा कमी होण्याऐवजी वाढल्याचं दिसलं. म्हणून सूज दाबली की बरं, हा हिशेब हृदयाला लागू पडत नाही. ती वेळेत यायला हवी आणि वेळेत ओसरायलाही हवी. न ओसरता महिनोन्‌महिने धुमसत राहिली, तर आयएल-१ बीटा, टीएनएफ असे संदेश देणारे रेणू चांगल्या उरलेल्या स्नायूलाही त्रास देतात. तिथं तंतू वाढतात, हृदय ताणून मोठं होतं, आणि एकेक करून पेशी गळत राहतात.

हे एकेक करून गळणं फार महत्त्वाचं आहे. मूळचे भारतीय असलेले डॉ. जगत नरूला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडण्याच्या, शेवटच्या टप्प्यातल्या हृदयांमध्ये अपॉप्टोसिसनं मरणाऱ्या पेशी दाखवल्या. अशा हृदयात कुठल्याही एका क्षणी लाखात ८० ते २५० पेशी मरणाच्या वाटेवर दिसतात. आकडा किरकोळ वाटतो. पण २००३ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात उंदरांच्या हृदयात लाखात फक्त २३ पेशी मरतील अशी योजना केली होती, निरोगी उंदरात हे प्रमाण लाखात दीड असतं. तेवढ्यानंच काही महिन्यांत त्यांची हृदयं फुगली आणि ते मेले. ईसीजीवर हे दिसत नाही, छातीत कळ येत नाही, माणूस शेतात जातो, बाजाराला येतो. एक दिवस चढावर दम लागतो आणि पाय सुजतात. गुंजीचे मामा याच वाटेवर होते, असं माझं मत आहे.

आता पेनकिलरकडे येते, कारण हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या सूज उतरवणाऱ्याच गोळ्या आहेत, तेव्हा हृदयाची सूजही उतरेल, असं एका शिकलेल्या मुलानं मला विचारलं होतं. तसं होत नाही. या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळीचा परिणाम खाली आणतात. स्टेंटसाठी दिलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला त्या पोटात गेल्या, तर जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातच आडवं येतं. डेन्मार्कमध्ये अटॅक येऊन गेलेल्या ८३ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०११ साली जे प्रसिद्ध झालं, ते वाचून मी हादरले होते. पेनकिलर घेणाऱ्यांत मृत्यू आणि पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि डायक्लोफेनॅकच्या बाबतीत तो धोका पहिल्या आठवड्यापासूनच दिसत होता. वर्षानुवर्षं घेतली तरच वाईट, अधूनमधून चालते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

आणि हीच गोळी आपल्या भागात शेंगदाण्यासारखी खपते. लावणीत कंबर दुखली, कापणीत खांदा दुखला, ऊसतोडीत हात भरून आले, की दुकानात या आणि दहाची पट्टी न्या. पट्टीवर लाल रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं छापलेलं असतं. माझ्याच व्यवसायातल्या बांधवांना मी हात जोडून सांगते, ती रेघ पाळा. निदान एवढं तरी विचारा, "हृदयाचं काही ऑपरेशन, स्टेंट, बीपी-शुगर आहे का?" गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल ही भीती मला ठाऊक आहे. खानापूर, नंदगड, बिडी, लोंढा अशा सगळ्या ठिकाणच्या दुकानांनी एकदमच ठरवलं, तर ती भीती राहणार नाही. गुडघ्यासाठी शेक, मलम, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, असे मार्ग आहेत. खेड्यांतून फिरणाऱ्या माणसांकडच्या कागदाच्या पुड्यांत काय असतं हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून हृदयाच्या रुग्णानं त्यांना हातही लावू नये.

सूज नेमकी जिथं दाबायची तिथं दाबणारं काही आहे का? २०१७ साली १०,०६१ रुग्णांवरच्या कॅन्टोस चाचणीत आयएल-१ बीटाला अडवणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दिलं. त्याच्या १५० मिलिग्रॅमच्या डोसनं पुन्हा अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. सूज हा हृदयरोगात हात घालण्याजोगा भाग आहे, हे त्यातून स्पष्टपणे सिद्ध झालं. पण जंतुसंसर्गानं होणारे मृत्यूही थोडे वाढले, आणि औषधाची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्याआधी टीएनएफ अडवून हार्ट फेल्युअर बरं करायचे प्रयत्न झाले होते, ते फसले. एका औषधाच्या मोठ्या डोसनं तर रुग्णांची तब्येत आणखी बिघडली.

मग कोल्चिसीन आलं. गाऊट या सांधे सुजवणाऱ्या आजाराची ही जुनी, स्वस्त गोळी माझ्या कपाटात पहिल्यापासून आहे. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत अटॅकनंतर महिन्याच्या आत रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन सुरू केलेल्या रुग्णांत पुढच्या हृदयविकाराच्या घटना ५.५ टक्के झाल्या, बाकीच्यांत ७.१ टक्के. २०२३ मध्ये अमेरिकेनं हृदयासाठी त्याला मान्यताही दिली. पण २०२४ साली सात हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. म्हणून ते कुणाला द्यायचं हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.

हे सविस्तर लिहिण्याचं कारण असं की कोल्चिसीन आपल्या कुंपणावर उगवतं. गणपतीच्या सुमारास आपल्या रानात, बांधावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी, जिच्या पानाची टोकं वेटोळी होऊन काठीला धरतात, तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असतं. व्हॉट्सॲपवर कळलावीचा कंद हृदयाला चांगला असा निरोप कुणी फिरवला, तर कृपया त्यावर विश्वास ठेवू नका. गोळीत ते अर्ध्या मिलिग्रॅममध्ये मोजलेलं असतं, कंदात किती ते कुणी मोजणार नाही. तो कंद खाऊन माणसं दगावतात. आधी उलट्या-जुलाब, मग मूत्रपिंड आणि रक्ताच्या पेशी जातात, आणि त्यावर हमखास उतारा नाही.

आज हाताशी खात्रीचं आहे ते अटॅकनंतर डॉक्टर लिहून देतात तेच: ॲस्पिरिन आणि तिची जोडीदार गोळी, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन, ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर, आणि पंप कमजोर असेल तर एसीई जातीची गोळी. याच एसीई जातीच्या कॅप्टोप्रिलनं अटॅकनंतर कमजोर झालेल्या हृदयाच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे १९९२ सालीच मोठ्या चाचणीत दिसलं होतं. पंप कमजोर झालेल्यांना आता डापाग्लिफ्लोझिनही देतात; पेटंट संपल्यावर तिची किंमत बरीच उतरली. या गोळ्या मेलेली पेशी जिवंत करत नाहीत. त्या उरलेल्या स्नायूवरचा ताण कमी करतात आणि हृदय ताणून मोठं होण्याला आवर घालतात. म्हणूनच काही त्रास नसतानाही त्या घ्यायच्या असतात. जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या कमी दरात मिळतात. पैशासाठी गोळी बंद करायची वेळ आली, तर आधी तिथं चौकशी करा, किंवा आम्हाला विचारा. स्वस्त कंपनीची गोळी सुचवण्यात आम्हाला कमीपणा नाही.

दवाखान्यांनाही विनंती आहे. घरी सोडताना जो कागद देतात त्यावर सगळं इंग्रजीत असतं. आमच्याकडचे रुग्ण मराठी वाचतात, कन्नड वाचतात, काही दोन्ही वाचतात. एका पानावर मराठी आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात एवढं लिहून द्या की हृदयाचा पंप किती टक्के आहे (दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो), कुठली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही, कुठली कधीच घ्यायची नाही, आणि दीड-दोन महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला कुठल्या तारखेला यायचं. निरोगी पंप ५५ ते ७० टक्के असतो, ४० च्या खाली आला की तो कमजोर धरतात. हा एक आकडा माहीत असला की माणूस स्वतःच जागा राहतो. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा इकोचा दिवस ठेवता आला, तर पारवाड-कणकुंबीच्या माणसाची बेळगावची एक खेप आणि एका दिवसाची मजुरी वाचेल. आमच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय अधिवेशनात मांडावा. सीमाप्रश्नावर जितक्या पोटतिडकीनं बोलतात, तितक्याच पोटतिडकीनं यावरही बोलावं.

घरच्या बायकांना एक सांगणं. लोणचं, पापड, खारातली मिरची, सुकट यातलं मीठ पंप कमजोर असलेल्या माणसाच्या अंगात पाणी धरून ठेवतं. निपाणी बाजूच्या नातलगांनी भेट म्हणून तंबाखू किंवा मिश्री पाठवली, तर ती परत करावी. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहावं. तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं, तर ते अंगातलं पाणी समजून लगेच डॉक्टरांना गाठावं, पाय सुजायची वाट पाहू नये.

घरी वजनकाटा नसेल, तर माझ्या दुकानात आहे. हृदयाच्या रुग्णांना पैसे पडत नाहीत, आणि आकडा लिहायला कार्डही मिळतं. इतर दुकानदारांनी असा काटा ठेवला, तर कार्डाचा नमुना मी आनंदानं देईन. संपादकांना विनंती आहे की जागेअभावी पत्र कापावं लागलं, तरी पेनकिलरचा आणि वजनाचा भाग तेवढा ठेवावा.

आपली नियमित वाचक,
एक औषधविक्रेती, खानापूर (जि. बेळगाव)